उताणा दगड

ही गोष्ट मी सांगायला नको होती. काकांनी सकाळीच बजावलं आहे, पाहुण्यांना आबाशेटचं पेव दाखव, तिथली पाटी वाचून दाखव आणि तिथूनच माघारी आण. पण तुम्ही पाटीच्या मागे गेलात आणि विचारलंत, हा दगड असा उलटा का पडलाय? विचारल्यावर खोटं सांगणं मला जमत नाही. गप्प बसणं चांगलं जमतं, पण ते आज करायचं नाही असं मी ठरवलं आहे.

तुम्ही आलात ती वाट ज्या माळावरून येते, तिथे एकेचाळीस पेवं आहेत. पेव म्हणजे हळद साठवायचा खड्डा. तोंड एका माणसापुरतं, आणि आत उतरलं की रांजणासारखं फुगत गेलेलं पोट, तीन पुरुष खोल. आत उसाचा पाला जाळून भिंती शेकतात, शेणमातीने सारवतात, पाल्याचा थर देऊन हळद भरतात आणि वर दगडी झाकण ठेवून माती लोटतात. चांगल्या पेवात हळद वर्षानुवर्षं राहते. माळावरची सगळी झाकणं पालथी आहेत, म्हणजे धुराने काळी झालेली बाजू खाली. फक्त हा एक दगड काळी बाजू आभाळाकडे करून पडला आहे. त्याच्या मधोमध जी दोन उथळ खोलगट ठिकाणं दिसतात ना, ती टाकीने केलेली नाहीत. ती पायांनी झाली आहेत.

असं सांगतात की फार पूर्वी आमच्या या पेवठाण गावात एक रीत होती. वैशाखातल्या पहिल्या सोमवारी पेवभरणी असे. पेवं भरायच्या आधी, मागच्या वर्षी ज्याची हळद सगळ्यात पिवळी निघाली तो पेवाच्या काठावर उभा राहून आपण काय काय केलं ते सांगायचा. त्याला बरकत सांगणं म्हणत. गाव खाली बसून ऐकायचं आणि तसंच करायचं.

दसऱ्याला पेव उघडल्यावर ज्याची हळद नासकी निघाली त्याला मात्र बोलायची सोय नव्हती. त्याचं पेव मातीने बुजवायचे, झाकण उताणं करून त्यावर टाकायचे, आणि त्या घराने दुपारच्या आत ओढ्याच्या वाटेने गाव सोडायचं. पुढे त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. पेवातली हळद ऐकते, अशी लोकांची समजूत होती. नासक्याचं नाव तिच्या कानावर पडलं की तीही नासते म्हणे. वर्षभरात पाऊस त्या जागेवरची माती बसवायचा, उताणं झाकण कुणीतरी पायरीला नेऊन लावायचा, आणि तिथे पेव होतं हेही विसरलं जायचं.

त्या काळात बारा वर्षं एकच माणूस बरकत सांगत होता. आबाशेट. हा माणूस वाईट नव्हता. दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय बोलणं सुरू करत नसे. पण त्याला सांगायची भारी हौस. त्याचं पेव वरच्या माळावर नव्हतं, इथे खाली ओढ्याकाठी होतं. इथली माती मऊ म्हणून खोदायला सोपी. पहिल्या वर्षी त्याच्या सांगण्यात तीन गोष्टी होत्या. जागा ओढ्याकाठची हवी, आत तीन गाड्या पाला जाळायचा, झाकण घालताना तोंड पूर्वेला हवं. पाचव्या वर्षी त्यात कडुनिंबाचा थर आला. नवव्या वर्षी नाग आला, पेव खोदताना त्याने म्हणे फणा काढून जागा दाखवली होती. बाराव्या वर्षी नागाच्या आधी एक स्वप्नही पडलेलं होतं.

हे सगळं एक बाई मागे उभी राहून ऐकायची. तिचं नाव तुळसा.

तुळसा आणि तिचा नवरा सटवा पेवं खोदायचे. सटवा पहारीने खोदायचा, तुळसा पाटीने, म्हणजे बांबूच्या टोपलीने, माती वर काढायची. ओढ्याकाठी तेरा पेवं खोदली गेली, तेराही त्या दोघांनी खोदली. आणि त्यातली बारा तुळसाने त्याच पाटीने बुजवली. गावाला दिसायचं ते उरलेलं एक.

ज्यांची हळद नासली त्यांना वाटायचं, चूक आपलीच. भिवाला वाटलं नारळ फोडायला उशीर झाला. गंगी म्हणाली, मी झाकण घालताना मागे वळून पाहिलं. केरबाने तर कडुनिंबाचा पाला शेजारच्या गावच्या झाडाचा आणला म्हणून स्वतःच्या तोंडात मारून घेतली. मान खाली घालून सगळे ओढ्याच्या वाटेने गेले. तुळसा पाटी भरत राहिली. तिलाही वाटायचं, खरंच काहीतरी चुकलं असेल.

मग एका वर्षी सटवा आणि तुळसाने कसायला घेतलेल्या तुकड्यात स्वतःची हळद पिकवली. आयुष्यभर दुसऱ्यांची पेवं खोदली, आता एक आपलं. आबाशेट स्वतः शेजारी उभा राहून सांगत गेला आणि ती करत गेली. जागा, पाला, कडुनिंब, पूर्व, नारळ. एकही गोष्ट चुकली नाही. दसऱ्याला झाकण काढलं तर वास आला. पाणी वरून गळलं नव्हतं. ते खालून, तळातून चढलं होतं.

सटवा त्या दुपारी ओढ्याच्या वाटेने निघून गेला. तुळसाला हाक मारायची होती, पण नवऱ्याचं नाव घेता येत नव्हतं, कारण तो नवरा होता आणि आता नासकाही होता. तो दिसेनासा होईपर्यंत ती नुसती उभी राहिली असं सांगतात.

नियमाने तीही जायची. पण खोदायला हात लागत होते, म्हणून गावाने तिला राहू दिलं. फक्त तिचं नाव गेलं. लोक तिला "ए पाटीवाली" म्हणू लागले. धाकटी बहीण चंद्रा गावातच दिली होती. तीसुद्धा चारचौघांत "आक्का" म्हणून थांबायची, पुढचं तुळसा गिळून टाकायची.

तीन वर्षं अशी गेली. चौथ्या वर्षी चंद्राच्या घरी पहिल्यांदा स्वतःची हळद आली. चंद्राचा नवरा दौलू याने पाच वर्षं माळरान फोडून ते शेत केलं होतं. त्याने आणि आणखी आठ घरांनी ठरवलं की नवी पेवं ओढ्याकाठीच खोदायची, आबाशेटसारखी. पेवभरणीच्या सकाळी इथे, तुम्ही उभे आहात तिथून त्या बाभळीपर्यंत, फक्कीने नऊ गोल आखलेले होते. तुळसाने ते गोल पाहिले. चौथा गोल चंद्राचा होता, आणि तो तिच्या स्वतःच्या बुजवलेल्या पेवावरच आखला होता.

आबाशेटचं पेव भरायला उघडं होतं. त्याचं झाकण शेजारी काठावर उभं टेकवलं होतं. शेट बोलायला उभा राहिला. स्वप्न झालं, नाग आला.

"कसला नाग?" मागून आवाज आला. "ती आमच्या यांची दोरी होती, शेट."

लोक वळून बघायला लागले. तुळसा रिकामी पाटी काखेत घेऊन पुढे आली. दुसऱ्या हातात सटवाची पहार होती.

"ए पाटीवाली, खोदायचं काम दुपारी हाय," कुणीतरी म्हणालं.

"म्या खोदणार न्हाई. आज न्हाई आणि हितं तर कधीच न्हाई."

तिने पहार झाकणाच्या मागे घातली आणि जोर लावला. झाकण धाडकन पडलं. उताणं. भरणीच्या दिवशी, भरायच्या पेवाशेजारी, उताणं झाकण! बायकांनी पदर तोंडाला लावले. तुळसाने पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि त्या दगडावर चढली.

"म्या तुळसा," ती म्हणाली. "माझं नासलं. आता ऐका."

तीन वर्षांत ते नाव कुणाच्या कानावर पडलं नव्हतं.

"शेट सांगत्यात ते समदं म्या केलं. शेट, तुमीच हुबं होता ना शेजारी? एक तरी गोष्ट चुकली का? सांगा."

तोंडावर विचारल्यावर खोटं बोलणारा आबाशेट नव्हता. तो खाली बघत म्हणाला, "चुकली न्हाई."

"मग माझी का नासली?"

उत्तरही तुळसानेच दिलं. "तेरा पेवं खोदली आमी हितं. बारा ठिकाणी पहार मातीतच जात राहिली, मऊ मऊ. एकाच ठिकाणी ती वाजली. तुमच्या. तुमच्या तळाला दगडाची लादी हाय, म्हणून पाणी चढत न्हाई. तुमाला ठाऊक न्हाई, कारण पहार वाजली तवा तुमी आंब्याखाली घोरत होता."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

दौलू उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आक्का, आमचं एकच पीक हाय. भरणीच्या दिवशी ह्ये असं बोलून तू नासवतीस व्हय?"

"नाव घेतल्यानं नासत असतं, तर बारा जणांची हळद नाव घ्यायच्या आधीच कशी नासली रं, दौलू?"

आणि मग तिने नावं घेतली. भिवा. गंगी. केरबा. पहिलं नाव ऐकताच लोक उठले आणि पळत सुटले. भिऊन घराकडे नव्हे, माळाकडे. ज्याच्या त्याच्या पेवात मागची हळद होती. तिने ऐकू नये म्हणून कुणी झाकणाच्या फटीत चिंध्या कोंबल्या, कुणी घोंगडी अंथरली, एक म्हातारा तर आपल्या पेवावर आडवाच पडला. ओढ्याकाठी उरले तुळसा, आबाशेट, दौलू आणि चंद्रा. तुळसा दगडावरून वाकली, आणि आबाशेटच्या उघड्या पेवात तोंड घालून एकेक नाव मोठ्याने सांगत गेली. रिकामं पेव प्रत्येक नाव परत देत होतं, मोठं करून, जाड आवाजात. माळावर पळालेल्यांनाही ते ऐकू गेलं. अकरा नावं झाली. बारावं घेताना ती थांबली. लग्नात नाव घेतात तसा उखाणा नाही, आडपडदा नाही. तिने नुसतं नाव घेतलं.

"सटवा."

पेवाने तेही परत दिलं.

मग तिने शेटला सांगितलं, "आता ह्याच पेवात तुमची हळद भरा. बारा नावं ऐकलेल्या पेवात. दसऱ्याला उघडू. नासली असंल तर मला ह्या पाटीसकट त्यात घाला आणि वरनं माती लोटा. नासली नसंल, तर फुडं पहिला शब्द आमचा. ज्याचं बुडालं त्याचा. आणि तवर हितं खोदायचं न्हाई."

पिवळी हळद म्हणजे शेटचं सगळं काही होतं. पण तो म्हणाला, "भरतो." उताणं झाकण तिथेच राहिलं, त्याच्या पेवाला दुसरा दगड आणला.

राहिला दौलू. त्याने कुदळ उचलली आणि चौथ्या गोलाकडे निघाला. तिथे चंद्रा जाऊन बसली होती. गोलाच्या मधोमध, मांडी घालून.

"ऊठ," दौलू म्हणाला.

"न्हाई उठत."

"लोक काय म्हणतील?"

"लोक माळावर चिंध्या कोंबत्यात. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. तुळसाक्का बोलली ते मला पटलं." तिने ते नाव पूर्ण घेतलं. दौलूने कुदळ खाली टाकली. नऊ घरांपैकी सात घरांनी तसंच केलं, आणि दोघांनी आबाशेटवर भरवसा ठेवून ओढ्याकाठीच खोदलं. त्यांना खोदायला तुळसा गेली नाही. दौलूचं पेव मात्र तिने वरच्या माळावर स्वतः खोदलं, पहार वाजेपर्यंत.

तो पावसाळा तुळसाने कसा काढला, ते फारसं कुणी सांगत नाही. पाणवठ्यावर बायका तिला पाठ करायच्या. एकदा तिची पाटी कुणीतरी ओढ्यात फेकली आणि तिने ती कमरेइतक्या पाण्यातून काढून आणली. रोज सकाळी ती येऊन या दगडावर थोडा वेळ उभी राहायची. बोलायची नाही. नुसती उभी राहायची, म्हणजे दगड कुणी पायरीला नेऊ नये.

दसरा आला. आबाशेटचं पेव उघडलं. आत सोडलेला दिवा विझला, म्हणजे हवा वाईट होती, म्हणून वाट बघितली. दुसऱ्यांदा विझला. तिसऱ्यांदा राहिला. आता उतरायचं कुणी? कुणी पुढे होईना.

"म्या उतरते," तुळसा म्हणाली. "नासली असंल तर तुमचं मला आत घालायचं काम तरी वाचंल."

कमरेला दोरी बांधून ती उतरली. वर सगळं गाव दोरीकडे बघत उभं होतं. बराच वेळ दोरी हलली नाही. चंद्राने दौलूचा हात इतका घट्ट धरला होता की त्याच्या मनगटावर नखं उमटली म्हणे. मग दोरीला झटका बसला. पाटी वर आली. आबाशेटने वरचं एक हळकुंड उचललं आणि मोडलं. आत शेवंतीच्या फुलासारखं पिवळं.

बारा नावं ऐकूनही हळद नासली नव्हती.

ओढ्याकाठची दोन नवी पेवं त्यानंतर उघडली. झाकण सरकवायच्या आधीच वास आला. ती दोन घरं कुणाकडे न बघता उठली. बायकांनी पोरांचे हात धरले आणि ओढ्याच्या वाटेला लागल्या. त्यांना कुणी जा म्हणालं नव्हतं, इतकी ती सवय होती. तेवढ्यात तुळसा पेवातून वर आली, पायापासून केसांपर्यंत पिवळी.

"कुठं निघालात?" ती ओरडली. "दगडावर चढा. काय केलं, कसं नासलं, ते सांगा. आमाला ऐकायचंय. तुमी न्हाई सांगितलं, तर फुडच्या साली अजून कोणतरी हितंच खोदंल."

ते चढले. एक एक जण. असं सांगतात की त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत बोलणं चाललं, आणि ऐकता ऐकता गावातल्या भल्याभल्यांना कळलं की आपलं चांगलं का चाललं होतं ते आपल्याला माहीतच नव्हतं. शेवटी लोकांनी आबाशेटला बोलायला सांगितलं. तो दगडावर चढला नाही. खाली उभा राहून म्हणाला, "म्या पाला जाळला, कडुनिंब घातला. बाकीचं मला ठाऊक न्हाई." आणि खाली बसला. नाग त्या दिवसापासून गेला.

सटवाचं काय झालं यावर दोन मतं आहेत. काही म्हणतात, कुठल्याशा दूरच्या बाजारात त्याला आपलं नाव ऐकू आलं, पेवठाणात आता ते उघड घेतात हे कळलं आणि तो तिसऱ्या वर्षी परतला. काही म्हणतात तो कधीच आला नाही. मला दुसरं खरं वाटतं. आवडतं पहिलं.

हे सगळं पाटीवर नाही. पाटीवर आबाशेटचं नाव आहे आणि नागाचं चित्र आहे. काकांच्या उद्योग शिबिराला येणाऱ्या पाहुण्यांना यशाची गोष्ट ऐकायची असते, असं काका म्हणतात. पाटी अशी लावली आहे की फोटो काढला तर दगड तिच्या मागे झाकला जातो.

पण रीत कुणाला झाकता आली नाही. आजही पेवभरणीच्या सकाळी, एकही झाकण निघायच्या आधी, त्या वर्षी ज्याचा धंदा बुडाला ते माणूस या दगडावर चढतं. आता हळदच असते असं नाही. एका वर्षी कोंबड्यांची पोल्ट्री होती, एका वर्षी टेम्पो. ज्याचं चांगलं चाललंय तो नंतर बोलतो, खाली उभा राहून, आणि शेवटी त्याला "बाकीचं मला ठाऊक नाही" म्हणावंच लागतं. मागच्या वर्षी एक मोठे कारखानदार ते म्हणायला तयार नव्हते, तेव्हा ते म्हणेपर्यंत गावाने एकही पेव भरू दिलं नाही.

यंदाची भरणी उद्या आहे. तुम्ही थांबलात तर ऐकाल. यंदा दगडावर एक बाई चढणार आहे. तिची शेवयांची गिरणी सहा वर्षं चालली आणि श्रावणात बंद पडली. तेव्हापासून ती बाजारात मागच्या गल्लीने जाते. का बंद पडली ते सगळं तिने मला सांगितलं आणि मी वहीत नीट उतरवून दिलं, पण काल रात्री माझ्या उशाशी बसून तिने वही मिटून ठेवली. म्हणाली, बघून नको, माझं मला येतंय. काकांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या दिरांनी, तिला नको म्हणून सांगून पाहिलं, पाहुण्यांसमोर शोभत नाही म्हणाले. ती ऐकणार नाही. उद्या ती इथे येईल, पदर खोचेल, चपला काढून याच दोन खळग्यांत पाय ठेवेल आणि सगळ्या गावासमोर म्हणेल, "मी शकुंतला. माझं—"

"तनुजाऽ! अगं, पाटीच्या मागं काय करतीस? आण पाहुण्यांना इकडं!"